साय की मलाई?

इंदूरच्या मल्हारगंजात रंगाचं दुकान चालवायचं म्हणजे किस्से शोधायला कुठं जावं लागत नाही. डब्यांपेक्षा तेच जास्त साठलेत. निम्मे तर दोन फिकट शेड्सचेच. शेडकार्डावर त्यांचे नुसते नंबर होते. माझ्या वडिलांनी, आबांनी, पेनानं एकीवर ‘साय’ लिहिलं, दुसरीवर ‘मलाई’. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच, हे आबांना कोण सांगणार!

*

सिमरोलहून एक प्राध्यापक आले, पुण्याहून नुकतेच बदलून आलेले. नमुने घरी नेऊन आठ दिवस फोटो काढले. परतले ते पडेल चेहऱ्यानं.

“माझ्या फोनमध्ये साय पिवळट दिसते, बायकोच्या फोनमध्ये मलाई.”

“मग?”

“आता नवा फोन बघतोय.”

*

मानपूरच्या ढाबेवाल्यानं तर खिशातून पुडीच काढली. “भिया, ये अपने याँ की धूल है. इसी से मिला दो, दीवार गंदी दिखेगी ही नी.”

रंग जुळवणाऱ्या मशीननं धूळ तपासली आणि सगळ्यात जवळची शेड दाखवली. मलाई.

*

एकदा कार्डावरची नावं पुसली गेली. साय कुठली? मी म्हटलं डावी, आमचा पेंटर म्हणाला उजवी. दोघंही ठाम. शेवटी आबांनी डोळे मिटून नावं लिहिली. कुणाचीही तक्रार आली नाही.

*

आणि आमच्या गल्लीतले जोशीकाका-काकू. रविवारी सून बाळाला घेऊन घरी येणार आणि खोलीला नुसती पुट्टी. काका सातारचे, त्यांना साय हवी. काकू इंदूरच्याच, त्या मलाईवर अडलेल्या. चार दिवस अबोला. दुकानात दोघं शेजारी उभे, पण काकू माझ्याशीच बोलत होत्या.

“यांना विचार, बाळाला काय पुट्टीत निजवायचं?” त्यांचे डोळे भरून आले. मलाही वाईट वाटलं.

आबा आत गेले. एकच रंग मिसळला, दोन डब्यांत ओतला, एकावर साय लिहिलं, एकावर मलाई. “दोन-दोन भिंती वाटून घ्या.”

बाळ वेळेवर नव्या खोलीत आलं. काकू येईल त्याला सांगायच्या, “देखो, मलाईवाली भिंत कशी खुलते.”

महिन्याभरानं काका एकटेच आले. पाळणा लागून भिंत खरचटली होती, थोडा रंग हवा होता.

“कुठली भिंत? साय की मलाई?” आबांनी विचारलं.

काकांनी आधी रस्त्याकडे बघून घेतलं.

“कोणताही द्या, आबा. लेबल मात्र मलाईचं लावा.”