खालच्या पाटाची बेरीज

तुर्सुनायचा कॉम्प्युटर सांगत होता की खालच्या पाटावर जेमतेम मूठभर जमीन आहे, आणि तुर्सुनाय त्याला मनातल्या मनात शिव्या घालत होती. मूठभर म्हणे! त्या पाटाकाठी तिचं लहानपण गेलं होतं. कोणाच्या बांधावर कोणाचं झाड झुकलंय, हे तिनं डोळे मिटून सांगितलं असतं. पण पडद्यावरच्या चौकोनात आकडा बसला होता तो बसलाच होता, ढिम्म हलत नव्हता.

आमच्या पाणी संघाचा हिशेब तीच बघते. ओश शहरात जाऊन शिकली, लग्न करून राजधानीत, बिश्केकला गेली, नवऱ्याशी पटेना म्हणून एक सुटकेस घेऊन आईकडे परत आली. गावाला आधी ती बिचारी वाटली, मग फटकळ वाटायला लागली, आणि मग गावाला तिची सवय झाली. जुन्या कोल्खोजच्या, म्हणजे सामुदायिक शेतीच्या, इमारतीत, खिडकीपाशी, पायाशी विजेची शेगडी ठेवून ती बसते, आणि कोणी उगाच डोकावलं तर "काय हवंय?" असं विचारते की माणूस काय हवं होतं तेच विसरतो.

पूर्वी पाण्याच्या पाळ्या एर्गेश पाटकरी लावायचा. ज्याच्या घरचा पुलाव चांगला त्याची पाळी लांब, असं लोक म्हणायचे, आणि एर्गेशही ते फारसं नाकारायचा नाही. शेवटी भांडणं डोकी फुटण्यापर्यंत गेली तेव्हा संघानं ठरवलं, की ज्या पाटावर जेवढी जमीन तेवढा वेळ त्याला पाणी, आणि ते कॉम्प्युटरनं सांगायचं. कॉम्प्युटर काही पुलाव खात नाही.

तक्ता तसा साधा. एका रकान्यात माणसाचं नाव, दुसऱ्यात त्याचा पाट, म्हणजे वरचा, मधला की खालचा, आणि तिसऱ्यात त्याची जमीन. तळाशी एक सूत्र, जे तक्ताभर फिरून 'खालचा' लिहिलेल्या तेवढ्याच ओळी उचलतं आणि त्यांची जमीन मिळवतं. असंच बाकी दोघांचं. आलेल्या तीन बेरजांवरून पाण्याच्या वेळेचे वाटे पडतात. एवढी सरळ गोष्ट, पण यंदा ती सरळ यायला तयार नव्हती.

आणि यंदाच यायला हवी होती. डोंगरावर बर्फ पडलं नव्हतं. तुर्सुनायच्या आईची जर्दाळूची बाग खालच्या पाटाच्या अगदी शेपटीला, जिथं पाणी पोचलं तर पोचलं. मागचे दोन उन्हाळे ते पोचलं नव्हतं. तिच्या वडिलांनी लावलेली झाडं, साली फुटलेली, शेंडे वाळलेले, तरी वसंतात वेड्यासारखी फुलली आणि बोराएवढी हिरवी फळं धरून उभी राहिली. एर्गेशनं खोड नखानं खरवडून बघितलं होतं आणि आईला तोंडावर सांगितलं होतं, "या पाळीत मुळं भिजली तर जगतील. नाहीतर कुऱ्हाडच काढा."

आई रोज सकाळी चहा ओतताना विचारायची, "यंदा येईल ना गं पाणी आपल्यापर्यंत?"

"येईल, आपा," तुर्सुनाय आईला म्हणायची, आणि हातातला नान तसाच खाली ठेवायची.

ती सूत्रामागे हात धुऊन लागली. पहिली चूक सापडली ती अशी की खालच्या पाटाच्या कितीतरी ओळींत 'खालचा' या शब्दापुढे एक कोरी जागा राहून गेली होती. डोळ्यांना दिसत नाही, पण कॉम्प्युटर भलता काटेकोर. त्याला शब्द तंतोतंत हवा. शेपूट चिकटलं की ते त्याच्या लेखी वेगळंच नाव, आणि ती ओळ सरळ बाहेर. तिनं कोऱ्या जागा पुसल्या आणि खालच्या पाटाचा आकडा टुणकन वर गेला.

तरीही तो कमीच होता. दुसरी चूक दुपारी सापडली. नावं वाढत गेली तसा तक्ता खाली लांबला होता, पण सूत्राला जुनीच हद्द सांगितलेली. त्या हद्दीपलीकडच्या लोकांकडे ते ढुंकूनही बघत नव्हतं. तिनं हद्द शेवटापर्यंत ओढली. पुन्हा खालचा पाट वाढला.

संघाचा अध्यक्ष शायलोबेक दारात उभा राहून हे बघत होता. माणूस वरच्या पाटावरचा. डोक्यावरची पांढरी टोपी मागे सारत तो म्हणाला, "गंमत आहे बुवा. तू जे जे दुरुस्त करतेस त्यानं तुझाच पाट फुगतो."

"चूक तिथं होती म्हणून तिथं दुरुस्त झालं, शायलोबेक अके." वयानं मोठ्या पुरुषाला आमच्याकडे अके म्हणतात.

"अगं, चुकासुद्धा बघ कशा घरच्याच निघाल्या!"

बाहेर व्हरांड्यात बसलेले हसले. तुर्सुनायचे कान तापले. शायलोबेकनं टेबलावरचा नान तिच्यासमोर सरकवला. "मी काही बोलत नाही. तू यावर हात ठेव, म्हणजे लोकही बोलायचे नाहीत."

नानवर हात ठेवून आमच्याकडे कोणी खोटं बोलत नाही. तिनं नानवर हात ठेवला. "जे आहे तेच मांडलंय. कमी नाही, जास्त नाही." आणि रागानं झटकन हात उचलला. कारण ते खरंच होतं.

नव्या आकड्यांप्रमाणे खालच्या पाटाला जेवढा वेळ मिळत होता, तेवढ्यात पाणी थेट शेपटीपर्यंत जात होतं. तिनं एर्गेशला विचारून खात्री केली. "पोचतंय," तो म्हणाला, "आरामात पोचतंय." घरी जाऊन तिनं आईला सांगितलं, तर ती म्हातारी तुर्सुनायच्या गळ्यातच पडली, आणि चहा तसाच टाकून, गुडघे दुखतात ते विसरून, फावडं घेऊन बागेत गेली आणि झाडांभोवती आळी करायला लागली.

दुसऱ्या दिवशी पाळ्यांचा कागद भिंतीला लागायचा होता. तुर्सुनाय छापायच्या बेतात होती, तेवढ्यात मामातकादिर आला. हा नव्या वस्तीचा माणूस. दरड कोसळून त्यांचं अख्खं गाव गेलं तेव्हा सरकारनं त्यांना वरच्या पाटाच्या डोक्यावर दगडाळ जमीन दिली, तिथं त्यांनी दगड वेचून रोपं लावली होती. प्यायलाही पाटाचंच पाणी. तो दाराशीच टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"एजे," थोरल्या बहिणीला हाक मारावी तसं तो म्हणाला, "तुमचा वेळ घेत नाही. आमची नावं आहेत ना त्यात?"

"आहेत हो. तुम्हीच यादी पाठवली होती ना फोनवरून? तशीच्या तशी चिकटवलीय."

"तसं नाही, पण बायका विचारतात घरी. एकदा डोळ्यांनी बघितलं असतं तर बरं."

ती वैतागली, पण तिनं पडदा त्याच्याकडे वळवला आणि नव्या वस्तीच्या ओळी काढून दाखवल्या. मामातकादिरनं वाकून बोट फिरवलं, आपलं नाव वाचलं, भावाचं वाचलं, विधवा वहिनीचं वाचलं. "आहे, आहे. सगळ्यांचं आहे. बरं झालं, एजे. देव तुमचं भलं करो." आणि तो गेला.

तुर्सुनाय पडद्याकडे बघतच राहिली. तक्त्यातले सगळे आकडे चौकोनाच्या उजव्या कडेला टेकलेले असतात. नव्या वस्तीचे डाव्या कडेला चिकटले होते. तिनं एका चौकोनावर बोट नेलं. यादी फोनवर टाइप केलेली, त्यामुळे शून्यापुढे टिंब दिलेलं. आमच्याकडच्या कॉम्प्युटरला दशांशाला स्वल्पविराम लागतो. टिंब दिसलं की तो त्याला आकडा मानतच नाही, नुसती अक्षरं समजतो, आणि अक्षरांची बेरीज कशी करणार? नावं होती, पाट बरोबर लिहिलेला होता, जमीन लिहिलेली होती. आणि एवढ्या सगळ्या घरांची मिळून बेरजेत एक चिमूटभरही जमीन धरलेली नव्हती.

तिनं सगळी टिंबं काढून स्वल्पविराम घातले. आकडे निमूट उजवीकडे सरकले. वरचा पाट एकदम वाढला आणि खालच्याचा वाटा उतरला. तिनं एर्गेशच्या हिशेबानं अंदाज घेतला. पाणी शेजारच्या बागेपर्यंत जाईल, आणि संपेल.

तिनं केलेलं परत फिरवलं. टिंबं परत आली, आणि आईची झाडं जगली.

कोणाला कळणार होतं? मामातकादिर स्वतः बघून गेला होता, वर आशीर्वाद देऊन गेला होता. शायलोबेकला सूत्र वाचता येत नाही, एर्गेशला तर अक्षरच लागत नाही. पुढच्या पाळीला दुरुस्त करू. एकच पाळी. त्यांची रोपं तरणी आहेत, तग धरतील. आपली झाडं म्हातारी आहेत. तिनं पुन्हा स्वल्पविराम घातले. पुन्हा काढले. असं किती वेळा केलं तिचं तिलाच ठाऊक. मध्येच टेबलावर डोकं टेकवून ती रडली, आवाज न करता, कारण व्हरांड्यात माणसं होती. बरं, एकदा ठरवलंच होतं तिनं. टिंबं तशीच ठेवून छापायचं बटण दाबायला बोट पुढे केलं होतं. पण डोळ्यांसमोर वाकून नावं वाचणारा तो माणूस यायचा, वहिनीच्या नावावर जरा थांबणारा, आणि तिचं बोट मागे यायचं. देवा, तो आलाच नसता तर! अर्धा तास उशिरा आला असता तर!

"झालं की नाही?" शायलोबेकनं बाहेरून हाक मारली.

तिनं स्वल्पविराम घातले आणि छापलं.

शायलोबेकनं कागद हातात घेऊन वाचला, भुवया वर केल्या. "अरेच्चा! या खेपेला तुझाच पाट बारीक झाला?"

"हो."

"मग आता हिशेब खरा दिसतोय," तो म्हणाला, आणि सगळे पोट धरून हसले. कोणीही विचारलं नाही की का.

घरी आई आळ्यांच्या कडा हातानं थापत होती. तुर्सुनायनं तिला काही सांगितलं नाही. संध्याकाळी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, पाणी सुटायच्या सकाळीही नाही. सांगायला तोंड उघडायची आणि भलतंच काहीतरी बोलायची.

पाळीच्या दिवशी खालच्या पाटाला पाणी सुटलं. आई फावडं घेऊन बागेच्या तोंडाशी उभी होती, डोक्याचा रुमाल घट्ट बांधून. पाणी आलं, गढूळ, पुढे काटक्या ढकलत. शेजारच्या बागेत वळलं, तिथली झाडं प्यायली. मग वर एर्गेशनं पाटाचं दार पाडलं, कारण वेळ संपला होता. शेजारच्या बांधाखालून एक बारीक धार निघाली, आईच्या हद्दीच्या दिशेनं थोडी आली, आणि वाळूत जिरली.

आई वाकली. तिनं त्या ओल्या वाळूवर हात ठेवला, जणू अजून काही येतंय का बघायला. मग उठली आणि वरच्या दिशेला तोंड केलं.

"ज्यानं कोणी माझं पाणी तोडलं..."

दुआ मागताना माणूस तळहात वर करतो. आईनं हात पुढे केले ते उलटे, तळहात जमिनीकडे. असा शाप आमच्याकडे कोणी उगाच देत नाही. एकदा दिला की परत घेता येत नाही, आणि आईचा तर नाहीच नाही. तुर्सुनाय धावली. तिनं आईची दोन्ही मनगटं धरली.

"आपा, नको! बोलू नकोस पुढे. मी केलंय ते."

"काय केलंयस?"

"पाणी मी तोडलं. नव्या वस्तीची जमीन हिशेबात आलीच नव्हती. मी ती धरली."

आईला ते समजायला वेळ लागला. "मी आळी करत होते, तेव्हा तुला ठाऊक होतं?"

"आधी नव्हतं. नंतर होतं."

"मग सांगायचं होतंस की!"

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

"तुझे पाय धरले असते," आई म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "त्या लोकांना विसर म्हणाले असते. माझ्यासाठी विसर म्हणाले असते."

"आणि मी विसरले असते, आपा. म्हणून नाही सांगितलं."

आईचे हात अजून तिच्या मुठीत होते, तसेच उलटे. तुर्सुनाय वाट बघत राहिली, आई ते सुलटे करेल म्हणून. आईनं मनगटं सोडवून घेतली. हात सुलटे केले नाहीत. कोटाच्या खिशात घातले, आणि झाडांकडे न बघता घराकडे चालू लागली.