तारवाल्याने टेकलेला पाय

करपलेल्या पेजेचा वास आला की मला ती दुपार आठवते. साठ सालच्या आसपास मी मुंबईत, फोर्टमध्ये, सायकलवरून तारा वाटणाऱ्यांचे फोटो काढत असे. तिथे त्यांच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नसे. सुट्टीत मालवणला आलो तेव्हा तारा वाटून परतणाऱ्या आमच्या ओळखीच्या तारवाल्यालाही मी वाटेत गाठलं. एका घराच्या कुंपणाच्या चिऱ्याच्या गडग्यावर माडांतून सुरेख ऊन पडलं होतं. "हंय उभो रव," मी म्हटलं. "हंय नको रे, फुडे व्हाळार जावया," तो पुढच्या ओढ्याकडे हात करत सारखा म्हणत होता, पण मला ऊन सरकायची धास्ती. शेवटी त्याने सायकल थांबवून गडग्याला पाय टेकला. मी बटण दाबलं, आणि त्याच्या मागे दारात एक बाई दिसली, हातात पेज ढवळायची डवली. तिचा नवरा बोटीवर खलाशी होता, आणि आमच्याकडे तार यायची ती बहुधा मरणाचीच. ती उंबऱ्यावरच बसली. "तुझी नाय गो तार, कोणाचीच नाय," तारवाला पुन्हापुन्हा सांगत होता. "मगे थांबलंस कित्याक?" ती एवढंच विचारत राहिली. त्याने चामड्याची पिशवी अंगणात उलटी करून दाखवली, तरी ती विचारतच होती. आत चुलीवर पेज करपत होती आणि कुणी उठत नव्हतं. परतताना तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "चेन पडली तरी आजवर कोणाच्या दारात पाय टेकूक नाय मी." आता माझी ऐंशी उलटली. कुणाच्या दारासमोर चप्पल तुटली, तर मी ती हातात घेऊन पुढे जातो.