पहिल्या पानावरचा संत

मॅडमनी माझी पिशवी गालिच्यावर उलटी केली.

कंगवा पडला. पावडरचा डबा पडला. पाळीच्या कापडाची घडी पडली. शेवटी वही पडली. समोर खुर्च्यांवर अकरा माणसं बसली होती, त्यांत चार पुरुष. कुणी मान वळवली नाही. पाच मिनिटांपूर्वी याच माणसांनी हातात हात घालून माझ्याबरोबर प्रभूची प्रार्थना म्हटली होती.

"तुला पुस्तकं पुसायला ठेवलीय," मॅडम म्हणाल्या. "वाचायला नाही."

मी वाकून आधी कापड उचललं. वही उचलायला हात पुढे केला तर मॅडमनी तिच्यावर पाय ठेवला. अनवाणी पाय होता, नखं रंगवलेला. त्या सकाळी त्या नखांजवळचा गालिचा मीच झाडला होता.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. बहरीन. उम्म अल हस्समच्या एका इमारतीतला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. मी बावीस वर्षांची. नगर जिल्ह्यातल्या महारवाड्यातली, आजोबांच्या काळात कॅथलिक झालेल्या घरातली. मिशनच्या शाळेत बारावी झालेली. गावाकडे आम्ही पोरं-पोरी दलित ख्रिस्ती लोकांच्या हक्कांची पत्रकं काढायचो. लिहायची मी, वाटायचीही मी. घरात चूल पेटायची पंचाईत झाली तेव्हा एजंटाला गाठून इकडे आले. मोलकरीण म्हणून.

मॅडम वांद्र्याच्या. सर बँकेत. मॅडमना मराठी छान यायची, पण ती फक्त आमच्याशी बोलायला. मुलांशी इंग्रजी, पाहुण्यांशी इंग्रजी, देवाशी इंग्रजी. मराठीत फक्त कामं सांगायच्या.

दर शुक्रवारी, तिकडच्या सुट्टीच्या दिवशी, चर्चमधल्या मिस्सानंतर त्यांच्या हॉलमध्ये प्रार्थनेचा ग्रुप जमायचा. साहेबलोक खुर्च्यांवर. त्यांच्या घरच्या आम्ही चार-पाच कामवाल्या स्वयंपाकघराच्या दारापाशी, खाली. गाणं म्हणताना आम्ही सिस्टर. चहाची वेळ झाली की "अगं ए".

ग्रुपचे पुढारी एक इंजिनियर होते, पुण्याचे. सगळे त्यांना ब्रदर म्हणत. त्या वर्षी ते एक जाड इंग्रजी पुस्तक वाचून दाखवायचे. इटलीतल्या एका बाईचं. वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेली, शाळा जेमतेम पाहिलेली बाई. तिला येशूच्या आईचं, मरियेचं दुःख दिसायचं, ती ते वह्यांत उतरवायची. चर्चच्या वरिष्ठांनी त्या लिखाणावर बंदी घातली होती. पण क्रुसावरच्या ख्रिस्तासारख्या हातांना जखमा असलेला एक संन्यासी तिच्या पाठीशी उभा राहिला. त्यालाही कधीकाळी लोकांसमोर मिस्सा करायला मनाई झालेली. रोमनं त्याला अजून संत म्हटलं नव्हतं. आमच्या हॉलमध्ये तो केव्हाच संत झाला होता.

ब्रदर पुस्तक मिटून म्हणायचे, "असा माणूस जिच्यामागे उभा राहतो, तिच्यावर शंका घेणारे आपण कोण?"

मला वाटलं, त्या 'आपण'मध्ये दारापाशी बसलेल्याही आल्या.

दुपारी मॅडम मुलांना आणायला शाळेत जायच्या. मी इस्त्री करायची. एक पान वाचायचं, एक शर्ट करायचा. शर्ट होईपर्यंत ते पान डोक्यात मराठीत लावायचं. मग इस्त्री उभी करून वहीत उतरवायचं. कठीण शब्द सोडून दिले. मरियेला आमच्याकडच्या बाईसारखं बोलतं केलं.

पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "हे संतानं वाचायला सांगितलेलं आहे." ही पत्रकातली जुनी युक्ती. वर मोठं नाव टाकलं की लोक कागद चुरगळत नाहीत.

ही वही मी सुमनमावशीसाठी लिहीत होते.

सुमनमावशी राहाता तालुक्यातली. बहरीनमध्येच, हिद्द गावात एका घरी कामाला. व्हिसा आमच्याच सरांनी ओळखीतून मिळवून दिलेला, म्हणून तिला प्रार्थनेला यायची सक्ती. तिचा एकुलता मुलगा दिनू विहिरीवरची मोटर लावताना शॉक लागून गेला. एकोणीस वर्षांचा. एजंटानं तिला तिसऱ्या दिवशी सांगितलं. तोवर माती झालेली. दोन वर्षं लीव्ह नाही, असं काँट्रॅक्टमध्ये होतं. ती गेली नाही. रडलीही नाही. पाच महिने फक्त कामं करत राहिली, दगडासारखी.

चर्चच्या मागे वॉटर कूलरपाशी सावली असायची. मिस्साच्या आधी तिथं मी तिला वाचून दाखवायची. एका शुक्रवारी ते पान आलं. मुलाला कबरेत ठेवून आलेली मरिया दुसऱ्या दिवशी सवयीनं दोन ताटं मांडते.

मावशीनं माझं मनगट धरलं.

"पुन्हा वाच."

वाचलं.

"आगं, म्या बी तसंच केलं. हितं. दुसऱ्याच्या घरात. त्येला ताट काढलं न् उभी ऱ्हायले." मग ती रडली. कूलरच्या नळाखाली तोंड धरून रडली, म्हणजे लोकांना पाणी दिसावं.

नंतर म्हणाली, "मंग तिनं त्या ताटाचं काय केलं?"

मी तिथवरच लिहिलं होतं. "पुढच्या आठवड्यात सांगते."

तिला अक्षरओळख नव्हती. पण मिस्सात मेलेल्यांची नावं वाचतात ना, तसं प्रत्येक पानाखाली दिनूचं नाव लिही, असं तिनं वही सुरू केली तेव्हाच सांगितलं होतं. मी लिहिलं. त्या दोन अक्षरांवरून ती बोट फिरवायची. हळूहळू ती दोन अक्षरं तिला वाचता यायला लागली. तेवढीच.

घात झाला तो त्याच शुक्रवारी, भोळेपणानं. रोजरीची जपमाळ संपली की प्रत्येकानं आपली विनंती मोठ्यानं मांडायची, आणि सगळ्यांनी "प्रभू, आमची विनंती ऐक" म्हणायचं, अशी ग्रुपची रीत. खुर्च्यांवरचे प्रमोशन मागायचे, अॅडमिशन मागायचे. आमची पाळी शेवटी. मावशी पाच महिन्यांत पहिल्यांदा उठली. हात जोडून म्हणाली, "ही पोर मला बाईच्या पुस्तकातलं मराठीत लिहून वाचून दावती. माझा व्हिसा संपायच्या आत तिचं समदं लिहून होऊ दे."

कुणीही "प्रभू, आमची विनंती ऐक" म्हटलं नाही.

मग पिशवी आली. मग गालिचा.

ब्रदर शांतपणे बोलले. त्यांचा आवाज कधी चढायचा नाही. "हे लिखाण वादग्रस्त आहे. चर्चनं मोकळीक दिलेली नाही. तुमचा गोंधळ होईल."

"मग तुम्ही कसं वाचता?"

"आम्हाला समज आहे."

"जिनं लिहिलं तिनं तरी कुठं शाळा पाहिली होती?"

मॅडम हसल्या. "बघा, तोंड बघा. मिशनच्या दूध पावडरीवर वाढलेले लोक. आता आपल्याला शिकवणार." मग माझ्याकडे वळून, "आणि इकडे कागद वाटणं म्हणजे काय, ठाऊक आहे? पोलीस. व्हिसा खलास."

खोटं नव्हतं ते. त्या वर्षांत तिथं सरकारविरोधी पत्रकांवरून धरपकड चालली होती, कागदाला सगळेच घाबरत होते.

मॅडमनी पायाखालची वही उचलली आणि मावशीच्या हातात दिली. "तुझ्यासाठी लिहिलं ना? तूच फाड."

मी मावशीकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. तिला अजून सात महिने काढायचे होते आणि घरी लग्नाची मुलगी होती. ती खाली बसली. वही मांडीवर घेतली. सगळ्यात आधी पहिलं पान फाडलं, संताचं. ते तिनं सहज फाडलं. त्यावर दिनू नव्हता.

पुढच्या पानाला हात अडखळला. तिनं खालची पट्टी आधी काढली, बोटाएवढी. ती मुठीत घेतली. मग पान फाडलं. पुढचं पान. आधी पट्टी, मग पान. भाजी निवडावी तशी. खुर्च्यांवरच्या कुणाला कळलं नाही ती काय करतेय ते. त्यांना वाटलं, म्हातारी हळू फाडते.

"यल्ला, लवकर," मॅडम म्हणाल्या. "चहा राहिलाय."

सगळं संपल्यावर ब्रदर मला म्हणाले, "आता माफी माग. मॅडमची, आणि त्या संताचं नाव वापरलंस म्हणून त्याचीही."

तोवर मी मागणार होते. खरं सांगते. माझ्या घरीही दर महिन्याला माझी वाट बघणारे होते. पण मावशीची मूठ दिसत होती. आवळलेली.

"मागणार नाही," मी म्हटलं. "पुस्तक तुमचं होतं. मराठी माझी होती."

त्या दिवशी चहा मी केला नाही. मंगळवारी मला विमानात बसवलं.

पुढच्या वर्षी सुमनमावशी हिद्दमध्येच वारली. काम करता करता छातीत कळ आली म्हणे. पेटी आली, पेटीमागून तिची ट्रंक आली. मी राहात्याजवळच्या तिच्या वस्तीवर गेले. तिच्या मुलीनं ट्रंकेतली तपकिरीची डबी उघडून दाखवली. आत कागदाच्या पट्ट्या. "ह्ये काय हाय, ताई? समद्यांवर दादाचंच नाव हाय."

मी सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. ती रडली नाही, सुरुवातीला आई रडली नव्हती तशीच.

तोपर्यंत मी ते पुस्तक मिळवलं होतं. पुढचं पान वाचलं होतं. पुढे उजेड आहे, देवदूत आहेत, स्वर्गाचं वर्णन आहे. ताटाचं काहीच नाही. त्या बाईला ते दिसलं नसावं, किंवा लिहावंसं वाटलं नसावं. तिचं लिखाण खरं की खोटं, मला आजही माहीत नाही.

मी मुलीला विचारलं, "दिनूचं ताट कुठंय?"

तिनं फळीकडे बोट केलं. स्टीलचं ताट होतं. पालथं.

"दादा गेला तवाच आईनं पत्र धाडलं व्हतं तिकडनं, दुसऱ्याच्या हातनं लिवून. त्या ताटात कुणी जेवायचं न्हाई, इकायचं न्हाई. पालथं ठिवा."

म्हणजे मावशीला उत्तर माहीत होतं. तिला फक्त ऐकायचं होतं की आणखी कुणी आईनंही तसंच केलं. ते तिला कुणी ऐकू दिलं नाही.

आता मी नगर जिल्ह्यातल्या वस्त्यांवर फिरते. आखातात गेलेल्या बायकांच्या घरी बसते, विचारते, लिहून घेते. परवा एका फादरनी विचारलं, हे कुणाच्या परवानगीनं? मी म्हटलं, कुणाच्याच नाही. एखादा मोठा माणूस पाठीशी उभा राहील तरच आमचं दुःख वाचण्याजोगं ठरतं, हे मी एकदा स्वतःच्या हातानं वहीवर लिहिलं होतं. ती चूक माझी होती. मॅडमची नव्हे.

पुन्हा करणार नाही. ही नवी वही छापायला जाईल तेव्हा पहिल्या पानावर संत नसेल. दिनू असेल.