रविवारचं न्हाणं

शिकेकाईची पावडर बनवून विकणारी बाई किराणा दुकानात शाम्पूची पुडी मागते, तेव्हा दुकानदाराला किती आनंद होतो ते मी पाहिलं आहे. आमच्या लोहाऱ्यातल्या त्या दुकानात माझी पावडर कापडी पिशव्यांमधून फळीवर बसलेली असते आणि शाम्पूच्या पुड्यांच्या माळा तिच्या अगदी नाकासमोर लोंबतात.

"ताई, तुमच्या घरी शाम्पू कायले?" त्यानं हसू दाबत विचारलं.

"पाव्हने आले," मी ठोकून दिलं.

पाहुणी दहा वर्षांपासून माझ्याच घरात राहते. आदल्या संध्याकाळी माझ्या मुलीनं जाहीर केलं होतं, "उद्यापासून मी माह्यं डोकं माह्या हातानं धुईन. तू बाहेर थांब." का, तर "काही नाही, असंच."

मुली मोठ्या होतात, एवढं मला कळतं. पण रविवारची ती वेळ माझी होती. धंदा घरातच आहे. मागच्या खोलीत दळायची मशीन, अंगणात वाळत घातलेला आवळा, आणि फोन तर दिवसभर खणखणत असतो. बाकीचे दिवस ती अभ्यास करते, मी पिशव्या भरते आणि आम्ही एकमेकींच्या शेजारी असतो इतकंच. रविवारी मात्र मशीन बंद आणि फोन कपाटात. मान आखडून मला उठता येईना, तेव्हा डॉक्टरांनी चांगलाच दम भरला होता; तेव्हापासूनचा हा नियम. ऑर्डर गेली तरी बेहत्तर. त्या सकाळी मी बसून चहा पिते, बादलीभर पाणी तापवते आणि तिचं डोकं धुते. अख्ख्या आठवड्यात एवढं एकच काम मी घाई न करता करते. ते सुटणार म्हणून मला चक्क रडू येत होतं.

पावडरच नडली असणार, असं मी धरून चालले. कितीही बारीक चाळली तरी तिचे कण केसांत राहतात आणि फेस म्हणाल तर नावाला. प्लॅस्टिकच्या पुड्यांवर मी येणाऱ्या-जाणाऱ्याला भाषण देते, पण पोरीचं डोकं हातचं जाऊ लागल्यावर भाषण कोण आठवतं? पुडी ओढणीत लपवून घरी आले.

न्हाणीत स्टूल ठेवलं आणि पुडी दातानं फाडली. मुलगी बघतच राहिली.

"आई, हा तं दुकानातला हाय."

"हव. बस खाली."

ती बसली. फेस असा भरभरून आला की माझा नुसता जळफळाट झाला. डोळ्यांना झोंबतं का, टाळू खाजते का, वास मागच्यापेक्षा बरा आहे का, हे माझे दर रविवारचे प्रश्न. पण दुसऱ्याच्या मालाबद्दल मी कशाला विचारू? गप्प राहून चोळत बसले.

थोड्या वेळानं तीच बोलायला लागली. तिची जिवाची मैत्रीण दिवाळीनंतर दुसऱ्या बाकावर जाऊन बसली होती. महिनाभर हिनं डबा एकटीनंच खाल्ला. परवा ती परत आली, आता सगळं ठीक आहे. मान खाली, डोळे मिटलेले, आणि हे असं सांगत होती जणू शेजारच्या कुणाची गोष्ट.

माझे हात थांबले. "महिनाभर? मंग मले काहून नाही सांगितलं?"

"कवा सांगू? डोकं धुतानी तू पावडरीचंच विचारत राह्यतं."

रागावून म्हणाली असती तर मीही चार शब्द सुनावले असते. ती साधंच म्हणाली. महिनाभर दर रविवारी हेच डोकं माझ्या दोन्ही हातांत होतं.

मी एक तांब्या ओतला. फेस वाहून गेल्यावर विचारलं, "मंग पुढच्या रविवारी कोन धुईन?"

"तूच धू. आन् आपली पावडरच आन, हा शाम्पू लय झोंबते. पन काही विचारू नको."

झोंबतो म्हणजे नेमका कुठं, हे अगदी जिभेवर आलं होतं. ते मी गिळलं, आणि ती मैत्रिणीनं परवा डब्यात काय आणलं होतं ते सांगू लागली.