बातमी आधी चुलीजवळ

उमरग्यात हायवेवरच्या ज्या खानावळीत मी भाकऱ्या करते, तिथं रोज दुपारी एक पत्रकार दादा जेवायला येतात. त्यांचं मोबाइलवर बातम्यांचं पोर्टल आहे. बातमी टाकायच्या आधी ते चुलीजवळ बसून ती मला, चौथीतून शाळा सुटलेल्या बाईला, वाचून दाखवतात. मी जिथं अडते, तिथला शब्द ते बदलतात. माझ्या अडण्याला एवढा मान दुसऱ्या कुणी दिलेला नाही.

त्या दिवशी जनगणनेची बातमी होती. "कळली का, अक्का?"

"कळली की. पण दादा, माझं गाव तिकडं नंदुरबारकडं. इथं मी खानावळीच्या मागच्या खोलीत राहते. मोजताना मी राहूनच गेले तर?"

दादांचा घास हातातच राहिला. "अवो, हे तर मी लिहिलंच न्हाय की!" त्यांनी डाव्या हातानं तहसीलला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. "साहेब, आमच्या अक्का परगावच्या हायेत, इथं खानावळीच्या मागच्या खोलीत राहत्यात. त्यांची नोंद कुठं?"

"राहतात तिथंच. मागची खोलीसुद्धा धरायची असते."

मला इतका आनंद झाला की तव्यावरची भाकरी करपली. दादांनी तीच मागून घेतली आणि खाता खाता मथळा बदलला : 'गाव लांब असलं तरी तुमची मोजणी इथंच!'

तासाभरात शेजारच्या गॅरेजातला बिदरचा मिस्त्री मोबाइल नाचवत आला. "अक्का, मला बी धरत्यात का?"

"धरणारच!" मी म्हटलं, जणू तहसीलदार मीच.