तुफान आणि तोफान

मुंबईत बॉम्बस्फोट झाले, त्याच वर्षीच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. मी तेव्हा सिल्वासाजवळ राखोलीला धाग्याच्या एका कारखान्यात इंजिनीअर होतो. आमच्या कँटीनमध्ये दोन पेपर यायचे, सकाळी सुरतेचा गुजराती आणि दुपारी मुंबईचा मराठी. भाषा दोन, पण खोड एकच. बॉम्ब ठेवणाऱ्याचं नाव त्यांच्यातलं असलं की तो अतिरेकी आणि त्याची अख्खी जमात कटात सामील. दुकानं जाळणाऱ्यांची नावं आपल्यातली असली की तो नुसता संतप्त जमाव. आणि नाव घ्यायचं नसेल तर 'विशिष्ट समाज'. त्यात विशिष्ट काय होतं देव जाणे. कँटीनमध्ये भांडी घासणारी बाईसुद्धा समाज कोणता ते सांगायची.

कँटीनला पाव पुरवणारे चाचा त्याच विशिष्ट समाजातले. रस्त्यापलीकडे त्यांची बेकरी आणि तिला लागून मारुतीचं देऊळ. शनिवारी देवळातलं प्रसादाचं खोबरं सगळ्यांत आधी चाचांच्या भट्टीवर यायचं.

एका दुपारी असा वारा सुटला की बेकरीचे पत्रे उडाले. त्यातला एक देवळाच्या कळसाला घासून अंगणात पडला, कळसाचा टवका गेला. आम्ही काही जण धावलो आणि चाचांबरोबर पत्रे गोळा केले. आमचा स्टोअरकीपर, खानदेशातला गडी, सगळ्यांत पुढे. त्याच उत्साहात त्यानं वापीच्या एका ओळखीच्या गुजराती वार्ताहराला फोन लावला: राखोलीत तुफान झालं, बेकरीचे पत्रे देवळावर पडले, कळस फुटला. राखोलीचं नाव एकदा पेपरात यावं, एवढीच हौस.

आता मराठीत तुफान म्हणजे वादळ. गुजराती पेपरात तोफान म्हणजे दंगल. दुसऱ्या दिवशी सुरतेच्या पेपरात आलं, राखोलीत तोफान, बेकरीवरून देवळावर मारा. मुंबईच्या पेपरानं ते उचलून मराठी केलं: राखोलीत दंगल, विशिष्ट समाजाचा देवळावर हल्ला. आमचंच तुफान सुरत-मुंबई फिरून दंगल होऊन घरी आलं. वाऱ्याचा उल्लेख कुठेच नव्हता. बिचाऱ्या वाऱ्याला कुठल्या समाजात घालणार?

मला वाटलं, लोक पोट धरून हसतील. लोकांनी ती बातमी मान डोलावत वाचली. मॅनेजर पुण्याचे, शिकलेसवरलेले. त्यांनी खबरदारी म्हणून चाचांचा पाव बंद केला आणि वापीहून मागवायला सुरुवात केली. मी सांगितलं, साहेब, वारा होता, मी स्वतः तिथे होतो. ते म्हणाले, तुम्ही फार भाबडे आहात. आमचं बघून शेजारच्या कारखान्यांनीही पाव थांबवला, आणि चाचांची भट्टी तर या कँटीनांवरच चालायची.

शेवटी चाचा कँटीनमध्ये आले आणि स्टोअरकीपरसमोर उभे राहिले. आवाज अजिबात चढवला नाही.

"भाऊ, पत्र्याचं दुसरं टोक तुम्हीच धरलं होतं ना? मग या लोकांना बोला ना."

स्टोअरकीपर ताटात बघत म्हणाला, "धरलं होतं, चाचा. पण पेपरवाल्यांना आतलं माहीत राहतं."

त्याच्या एक थोबाडीत द्यावीशी वाटली मला. तो खोटं बोलत असता तर दिलीही असती. पण त्याला खरंच तसं वाटायला लागलं होतं, आणि त्याचाच मला जास्त संताप आला.

मी दोन्ही पेपरांना खुलासा पाठवला. गुजराती पेपरानं छापला नाही. मराठी पेपरानं आतल्या पानावर एक ओळ दिली: राखोलीत तणावपूर्ण शांतता.

पावसाळ्याच्या तोंडावर चाचा भट्टी मोडून वलसाडला भावाकडे गेले. बाकीचे पत्रे त्यांनी विकले, पण देवळाच्या अंगणात पडला होता तेवढा देवळालाच दिला. पुजाऱ्याला म्हणाले, ठेवा, कामाला येईल. देवळाच्या लोकांनी तो बांबूंवर टाकून चपला ठेवायला सावली केली. स्टोअरकीपरही दर शनिवारी तिथेच चपला काढायचा. हा पत्रा कुठला, असं एखाद्या नव्या माणसानं विचारलं की मोठ्या अभिमानानं सांगायचा, "दंगलीतला आहे."