समोरच्याचा भाव

गिरणीवाली आत्या दळणाच्या भावाची पाटी अशी टांगायची, की गिऱ्हाइकाला ती मान वाकडी करून वाचावी लागे. समोरच्या गिरणीतल्या माणसाला मात्र ती बसल्या जागेवरून लख्ख दिसायची. पाटी नेमकी कुणासाठी, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "गिऱ्हाइकाला काय करायचंय वाचून? सांगंल तेवढे देतंय ते." आत्या जाऊन आता बरेच दिवस झाले, पण ही बाई मला तेव्हाही कळली नाही आणि आजही कळत नाही.

केजच्या आमच्या गल्लीत माझं ब्लाउज शिवायचं दुकान तिच्या गिरणीला लागून. शिलाईच्या मशीनवर बसून मला तिचं सगळं दिसे आणि ऐकूही येई. समोरची गिरणी तिच्या धाकट्या दिराची. गल्ली त्यांना अण्णा म्हणे, आत्या मात्र नुसतं "समोरचा". तिचे यजमान गेल्यावर वाटणी झाली, कशावरून तरी बिनसलं, आणि अण्णांनी बरोबर समोरच दुसरी गिरणी टाकली. अख्खं केज मोकळं असताना समोरच का, हे मला काही उमजलं नाही. तेव्हापासून दोघांत अबोला. कशावरून बिनसलं म्हणाल, तर जो तो वेगळंच सांगायचा.

आता गंमत बघा. अबोला असा कडक, पण भाव दोघांचा कायम सारखा! आत्यानं किलोला आठचे नऊ केले, की दुसऱ्या दिवशी समोरही नऊ. कधी अण्णांनी आधी वाढवले, तर आत्या मला हाक मारायची, "मंदे, समोरच्यानं काय लिवलंय बघ गं. मला न्हाई बघायचं त्याच्याकडं." मी सांगितलं, की पाटी पुसून तोच आकडा लिहायची. वर म्हणायची, "मी त्याच्यावरून न्हाई केलं हां. लाइट म्हाग झालीय." मी मान डोलवायची. दुसरं काय करणार?

तशी दोघांची गिऱ्हाइकं ठरलेली. भाकरीचं पीठ आत्याकडचं, मिरची-हळद अण्णांकडची. आत्या हरभऱ्यावर ज्वारी कधी टाकायची नाही. गिरणीच्या दगडाला टाकी लावायला माणूस यायचा, तेव्हा त्याच्या उरावर उभी राहायची. एखादा रुपया इकडं-तिकडं झाला असता, तरी मी माझा डबा समोर नेला नसता. पण दोन-तीन रुपयांचा फरक पडला असता, तर? खरं सांगायचं, तर मी नेला असता. आणि हे त्या दोघांना माझ्याआधी ठाऊक होतं.

दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यावर निघायच्या, तेव्हा ही माणसं पोत्यानं ज्वारी दळून न्यायची. त्यांना आत्या दोन रुपये कमी घ्यायची. हे नुसतं तोंडी असायचं. पाटीवर कधी आलं नाही. त्या वर्षी तिचा घसा असा बसला, की आवाजच फुटेना. गिरणीच्या घरघरीत कोयतेवाल्या बायकांना सांगणार कसं? म्हणून बाईसाहेबांनी पाटीवरचे आठ पुसले आणि 'सहा' लिहिलं. कुणासाठी, ते लिहिलंच नाही. तिच्या लेखी ते सगळ्यांना माहीतच होतं.

समोर बसलेल्या अण्णांना फक्त सहा दिसले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पाटीवर पाच.

मी आत्याला ते सांगितलं, तशी ती लालबुंद झाली. बसक्या आवाजात म्हणाली, "बघ, नीट चाललेलं बघवंना त्याला!" आणि चार लिहिले. अण्णांनी तीन. मग काय, गावोगावच्या बायका डबे घेऊन जीपनं यायला लागल्या. माझ्या दुकानाच्या पायरीवर पीठच पीठ. नवीन ब्लाउजचं कापड झटकून झटकून मी बेजार. लोक खूष, आणि इकडे दोन्ही गिरण्या रोज तोट्यात. आत्याचं लाइटबिल थकलं. कनेक्शन तोडू म्हणून माणूस सांगून गेला. गिरणी बंद पडली असती, तर तिच्याकडे दुसरं काय होतं? काही नाही.

मी म्हटलं, "आत्या, जा ना समोर. ते सहा कोयतेवाल्यांचे होते, एवढं सांग."

"मी कावून सांगू? त्याला इचारायला तोंड न्हाई?"

मग मीच गेले. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे तू नगं सांगू. तिला सांगाया लाव." आता बोला! दोघांनाही खरं काय ते कळलेलं, दोघंही बुडायला लागलेले, आणि भाव तरी खालीच.

शेवटी अण्णांची मोटार जळाली. विश्रांतीच नव्हती तिला. दुरुस्तीची ऐपत राहिली नव्हती. शटर ओढलं आणि पुण्याला मुलाकडे निघून गेले. जाताना आत्याच्या दाराकडे त्यांनी पाहिलंही नाही. ती आत पाठमोरी पीठ चाळत होती. पिठाला चाळण ती एरवी कधी लावायची नाही.

गल्लीनं धसका घेतला, की आता एकच गिरणी, आता ही म्हणेल तो भाव. मलाही तसंच वाटलं. पण आत्याच्या पाटीवर काहीच येईना! कुणी विचारलं, तर म्हणायची, "द्या काय द्यायचं ते." लोक वैतागले. काय द्यायचं हे कुणालाच सुचेना, आणि बिल भरायची तारीख जवळ आलेली.

"अगं, लिही की काहीतरी," मी ओरडलेच तिच्यावर.

"काय लिवू?" ती म्हणाली. "समोर कायबी न्हाई."

एका सकाळी मला म्हणाली, "त्याला फोन लाव. तिकडं दळायला काय घेत्यात, इचार." मी चाट पडले. फोन लावला, तर अण्णा म्हणाले, "पुण्याचं काय करायचंय तिला? आठ लाव म्हणावं. आता खाली जाऊ नगं म्हणावं."

मी तसं सांगितलं, तर आत्या उसळली. "मला शिकवतूय व्हय! दहा लावते." आणि खरंच दहा लिहिले. लोक थोडे कुरकुरले, पण आले. बिल भरलं गेलं, गिरणी राहिली.

दुसऱ्या दिवशी मी कुलूप काढतेय, तोवर ही दारात. "लाव फोन. मी दहा केलेत म्हणावं. आता तू काय करतूस, इचार त्याला."

काय विचारू, कपाळ? मुलाच्या दोन खोल्यांत बसलेला माणूस, ना गिरणी, ना मोटार! मी आत्याकडे बघितलं. ती कानाशी पदर धरून फोनकडं डोळे लावून उभी होती. मी विचारलं.

पलीकडे अण्णांनी घसा खाकरला.

"सांग तिला," ते म्हणाले, "मीबी दहाच केलेत."